नेपाळचा ट्रेक: सारखे विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या फोनवर नेपाळची चौकशी सुरू होते. दिवाळीची सुट्टी डोळ्यांसमोर असते, ऑफिसात रजा टाकून झालेली असते आणि मग कुणीतरी विचारतं, "काका, आधार चालतं ना?" तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून सगळी एका जागी लिहून काढली. मजकूर भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहे. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना व्हिसा लागतो आणि परमिटचे दरही वेगळे पडतात. दर आणि नियम दरवर्षी थोडेफार हलतात, निघण्यापूर्वी एकदा पडताळून घ्या.

१. पहिल्यांदाच जातोय. कुठला ट्रेक धरू?

सगळ्यांना एव्हरेस्ट बेस कॅम्प, म्हणजे ईबीसी, हवा असतो. नावाचा मोह आहे, समजू शकतो. पण ५,३६४ मीटरवरच्या त्या बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही. ते पाहायला शेजारच्या काला पत्थरवर, साडेपाच हजार मीटरच्या आसपास, पहाटेच्या गारठ्यात चढावं लागतं. लुक्ला या विमानतळाच्या गावाहून जाऊन-येऊन बारा दिवस लागतात.

पहिल्या खेपेला मी लांगटांग सुचवतो. काठमांडूहून स्याफ्रुबेसीपर्यंत बस किंवा जीप, तिथून तीन दिवसांत क्यांजिन गोंपा, उंची ३,८०० च्या थोडी वर. विमानाची भानगड नाही, गर्दी कमी. २०१५ च्या २५ एप्रिलच्या भूकंपात लांगटांग गाव हिमकड्याखाली गाडलं गेलं. आज वाट त्या ढिगाऱ्यावरूनच जाते. उरलेल्यांनी थोडं वर नवीन घरं बांधली. तिथे राहिलात, जेवलात, तर पैसा थेट त्या घरांत जातो.

अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३० मीटर) पोखऱ्याहून आठ-दहा दिवसांचा, देखणा, पण पायऱ्यांनी गुडघे काढणारा. चारच दिवस असतील तर पून हिल, ३,२१० मीटर.

२. राजगड-तोरणा एका दिवसात करतो. ईबीसी जमेल ना?

पाय साथ देतील, त्यात शंका नाही. सह्याद्रीत दगडी पायऱ्या आणि घसाऱ्याच्या उतरणी केलेल्या माणसाचे गुडघे तयार असतात, हे तिथे लगेच जाणवतं. पण कळसूबाई १,६४६ मीटर. नामचे बाजार, जिथे ईबीसीचा खरा चढ सुरू होतो, ३,४४० मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाच्या दुपटीहून वर तुम्ही दुसऱ्याच दिवशी झोपणार. बेस कॅम्पवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो, आणि त्याची तयारी सिंहगडावर होत नाही.

उलट, आमच्याकडे आजारी पडले ते बहुतेक तगडेच. दमछाक न झाल्यामुळे ते वेग कमी करत नाहीत. शेर्पा वाटाडे दिवसभर "बिस्तारै, बिस्तारै" म्हणत असतात, म्हणजे सावकाश. सराव करायचाच तर आठवड्यात लागोपाठ दोन-तीन दिवस, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, ठरवून हळू चढा. थांबल्याशिवाय बोलता येईल असा वेग ठेवायची सवय लावा.

३. दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर चालेल का? की मे महिना बरा?

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला: पावसाने धुतलेलं आकाश, लांबपर्यंत दिसणारी शिखरं. पण आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, आणि त्याआधी दसऱ्याला त्यांचा दशैं. दशैंत सगळा देश गावी जातो. बसची तिकिटं मिळत नाहीत, दुकानं बंद असतात, चांगले गाईड आणि पोर्टर घरी असतात. त्या दिवसांत जायचं तर माणसं ऑगस्टमध्येच बांधून ठेवा.

मार्च ते मे दुसरा हंगाम. एप्रिलमध्ये गुराँस, म्हणजे तिथला तांबडा ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. मे महिन्यात थंडी कमी, पण दुपारनंतर ढग भरून येतात, फोटोवाल्यांची निराशा होते. जून ते सप्टेंबर पाऊस, जळवा आणि दरडी. त्या दिवसांत अप्पर मुस्तांग किंवा डोल्पो बरे, ते हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतात. आपल्या माणदेशासारखं गणित.

चांगल्या हंगामाची हमी मात्र कुणी देत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन हंगामात, आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हुदहुद चक्रीवादळाचं उरलंसुरलं शेपूट नेपाळपर्यंत पोचलं आणि अन्नपूर्णा सर्किटवर थोरोंग ला खिंडीच्या परिसरात बर्फाचं वादळ झालं. चाळीसहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर खिंड ओलांडायची घाई नको.

४. पासपोर्ट लागतो का? आधार चालतं ना?

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक, मूळ प्रत. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधारवर विमानात चढू देत नाहीत. दर वर्षी कुणीतरी विमानतळावरून परत येतं. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांच्या विहित नमुन्यातल्या ओळखपत्रावर जाता येतं, पण माझं ऐकाल तर मुलांचे पासपोर्टच काढून घ्या.

५. रेल्वेने जाता येईल का?

येईल. मुंबईहून गोरखपूर, तिथून बस किंवा जीपने सोनौली, पायी सीमा ओलांडून पलीकडे भैरहवा, तिथून पोखरा किंवा काठमांडूची बस. दोन-अडीच दिवस मोडतात आणि अंगाचं भरीत होतं, पण पोखऱ्याकडच्या ट्रेकला ही वाट सोयीची. विमानाने काठमांडूला जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागा. हिमालय त्या बाजूला असतो.

६. पैसे किती आणि कसे न्यायचे?

दर ठरलेला आहे: भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. १९९३ पासून तो हललेला नाही. नेपाळी रकमेला आठने भागून पाचने गुणलं की आपले रुपये निघतात. दुकानदाराने किंमत सांगितली की "आयसी की एनसी?" असं विचारा. आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. न विचारता पैसे काढलेत तर हजाराच्या वस्तूचे सोळाशे जातात.

भारतीय शंभराच्या नोटा चालतात. पाचशेच्या नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आलेत, निघायच्या आठवड्यात चौकशी करा. २०२४ पासून काठमांडू-पोखऱ्यातल्या बऱ्याच दुकानांत आपल्या यूपीआयने क्यूआर स्कॅन होतो. डोंगरात मात्र रोख. नामचेला एटीएम आहे, पण त्यात त्या दिवशी पैसे असतीलच असं नाही. अन्नपूर्णेकडे जाताना पोखऱ्यातच काढून घ्या.

७. परमिट कुठली? गाईड घेतलाच पाहिजे का?

आपण सार्क देशांत मोडतो, त्यामुळे दर कमी. सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाला दीड हजार नेपाळी रुपये आणि वर कर, अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राला एक हजार. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, याशिवाय तिथली गाउँपालिका आपलं वेगळं शुल्क घेते. पासपोर्ट साइजचे चार-सहा फोटो जवळ असू द्या.

१ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा झाला. खुंबूतल्या पालिकेने ही सक्ती मानलेली नाही, तिथे एकटे जाणारे अजूनही दिसतात. मनास्लू, अप्पर मुस्तांग, नार-फू, डोल्पो ही निर्बंधित क्षेत्रं. तिथे भारतीयांनाही वेगळं परमिट लागतं, तेही नोंदणीकृत एजन्सीमार्फतच. नियम काहीही असो, पहिल्या ट्रेकला गाईड घ्या. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. लुक्ल्याचं विमान इतकं भीतिदायक आहे का? आणि ते रात्री दोनला उठवतात म्हणे?

धावपट्टी ५२७ मीटर, चढाची, एका टोकाला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या टोकाला दरी. उतरताना पोटात गोळा येतो, वीस सेकंदांत संपतं. खरा त्रास वाट पाहण्याचा. ढग आले की उड्डाणं बंद, आणि दुपारी ढग येतातच.

ऐन हंगामात बहुतेक उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. काठमांडूहून चार-पाच तासांचा वळणावळणाचा रस्ता, म्हणून मध्यरात्रीनंतर जीप निघते. उलटी होणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसायचं. सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातली बॅग धरून.

एकदा परतताना आम्ही लुक्ल्याला तीन दिवस अडकलो. सकाळी सहाला पाठीवर सॅक लावून रांगेत, अकराला परत लॉजवर, तोच कॅरम, तोच लिंबू-पाणी. चौथ्या दिवशी विमान मिळालं तेव्हा दोघांची परतीची आंतरराष्ट्रीय तिकिटं वाया गेली होती. शाळेतल्या बेरजेसारखंच आहे, हातचे धरले नाहीत की उत्तर चुकतं. ट्रेक संपणं आणि परतीचं विमान यांत किमान दोन दिवस मोकळे ठेवा. "काही झालं नाही तर ते दिवस फुकट जातील" असं म्हणणाऱ्यांना मी काठमांडूजवळची पाटण आणि भक्तपूर पाहायला सांगतो.

९. उंचीचा त्रास म्हणजे नक्की काय? ओळखायचा कसा?

नेपाळीत म्हणतात "लेक लाग्यो". लेक म्हणजे उंच डोंगर. डोंगर लागला, जशी आपल्याकडे बस लागते. डोकेदुखी, भूक मेलेली, मळमळ, झोप नाही: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर यातलं काहीही झालं तर आधी तो उंचीचाच त्रास समजायचा. "कालच्या सुपाने झालं", "गॉगल लावला नाही म्हणून डोकं दुखतंय" ही कारणं नंतर.

बंधन सोपं आहे. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा. म्हणूनच नामचेला दोन रात्री आणि दिंगबोचेला (४,४१० मीटर) दोन रात्री असतात. त्या मधल्या दिवशी लोळायचं नाही. वर चढून यायचं आणि खाली झोपायचं. त्रास सुरू असताना आणखी वर जायचं नाही. थांबून कमी झाला नाही, वाढला, तर खाली.

दोन प्रकार जीवघेणे. एकात फुफ्फुसांत पाणी साचतं: बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळसर. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: तोल जातो, माणूस बरळतो किंवा गप्प गप्प होतो. तपासणी अशी: जमिनीवर सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला लावा.

दिंगबोचेला आमच्यातल्या एका पोलादी माणसाची अशीच परीक्षा घेतली. तो दिवसभर सगळ्यांच्या पुढे होता. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत शेणी जाळलेल्या बंबाशेजारी बसून पत्ते पिसत होता, आणि पत्ते हातातून दोनदा सांडले. लॉजच्या दिदीने आमच्याआधी ते पाहिलं. फरशीच्या फळीवरून चालायला सांगितलं तर चौथ्या पावलाला त्याने भिंत धरली, वर म्हणाला, "फळीच वाकडी आहे." रात्री साडेआठला गाईड, एक पोर्टर आणि मी त्याला घेऊन पांगबोचेला उतरलो. खाली न्यायला सकाळची वाट पाहायची नसते, हे आम्हाला गाईडने शिकवलं. पुढचं प्रश्न १७ मध्ये.

हंगामात एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला आणि अन्नपूर्णा सर्किटवर मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या चौक्या असतात. दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात. वाटेत असाल तर चुकवू नका.

१०. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही?

तुमच्या डॉक्टरांना विचारून. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण घेतली म्हणून एक मुक्काम गाळता येत नाही. झोपेची गोळी आणि दारू वर नको. लसणाचं सूप जरूर प्या, गरम असतं, चव छान असते. त्याने उंची उतरत नाही.

११. विमा कोणता? हेलिकॉप्टर फुकट मिळतं का?

फुकट नाही. खुंबूतून काठमांडूला आणायचे काही हजार डॉलर होतात, आणि पैशांची हमी मिळाल्याशिवाय ते सहसा उडत नाही. पॉलिसीत तीन गोष्टी स्वतः वाचा: ट्रेकिंग सामील आहे का, किती मीटरपर्यंत (ईबीसीला सहा हजारांपर्यंत हवं) आणि हेलिकॉप्टरने सुटका आहे का. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा यातलं एकही नसतं.

दुसरी बाजूही ऐका. २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झालं की गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरमध्ये बसवून विमा कंपन्यांना बिलं लावली जात होती, एकाच फेरीची अनेकांच्या नावावर. साध्या डोकेदुखीला कुणी "विमा आहे ना, मग उडा" म्हणालं तर आधी पायी खाली उतरून पाहा.

१२. शाकाहारी आहे, उपवासही करतो. उपाशी मरेन का?

उलट तुमचीच चैन. नामचेच्या वर मांस खालून पोर्टरच्या किंवा याकच्या पाठीवर दिवसेंदिवस प्रवास करून येतं, मांसाहारींनीही तिथे ते टाळावं. दाल-भात-तरकारी सगळीकडे, आणि भात-डाळ पुन्हा पुन्हा वाढतात. भात शिजायला वेळ लागतो, तेव्हा पोचल्या पोचल्या सांगून ठेवा. खोली स्वस्त असते ती तुम्ही जेवण तिथेच घ्याल या हिशेबाने, बाहेर जेवलात तर दिदी रागावणार.

उपवासाला उकडलेले बटाटे कुठेही मिळतात. शेर्पांचं घरच बटाट्यावर चालतं. साबुदाणा मात्र विसरा. जैन मंडळींची अडचण खरी आहे, कांदा-लसूण सोडून सांगितलं तर करतात, पण बटाटाही वगळलात तर ताटात फार काही उरत नाही. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू न्याच. बेस कॅम्पखालच्या गोरकशेपला तिसऱ्या दिवशी भूक मेलेली असताना मेतकूट-भाताने मला तारलंय.

१३. पोर्टर घेणं बरं दिसतं का? कसंतरी वाटतं.

त्या माणसाचा तो धंदा आहे, ऐन हंगामात त्याला काम न देणं ही काही दया नव्हे. बघायचं ते हे: ओझं २०-२५ किलोच्या वर नको (दोघांत एक पोर्टर हे बरोबर), त्याच्या अंगावर थंडीचे कपडे आणि पायात बूट आहेत का, त्याचा विमा एजन्सीने काढलाय का. तो आजारी पडला तर त्यालाही तेच नियम लागू, पैसे देऊन एकट्याला खाली पाठवायचं नाही. टिप शेवटच्या संध्याकाळी, थेट त्याच्या हातात.

१४. आंघोळ, शौचालय, पाळी यांचं काय?

गरम पाण्याला पैसे, उंची वाढेल तसे जास्त. नामचेनंतर आंघोळ न केलेलीच बरी. शौचालयात पहाटे बादलीवर बर्फ असतो, जपून पाय टाका. उंचीवर पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते, साहित्य जास्तीचं ठेवा. वापरलेले पॅड लॉजच्या बंबात टाकू नका, तिथे चूल आणि अग्नी पवित्र मानतात. पिशवीत घालून खाली आणा.

१५. मोबाइल चालतो का? सॅटेलाइट मेसेंजर नेऊ का?

काठमांडूत एनसेल किंवा नेपाल टेलिकॉमचं सिम घ्या. चार्जिंगला वर पैसे पडतात. पॉवरबँक रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर भारतातून नेऊ नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगणंच गुन्हा आहे, विमानतळावर पोलिसांत प्रकरण जातं. परदेशातून भारतमार्गे येणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगून ठेवा. ड्रोनला नेपाळमध्ये वेगळी परवानगी लागते.

१६. भाषेची अडचण येईल का?

हिंदी बहुतेकांना समजते. आणि आपली एक गंमत, लिपी तीच. इतर परदेशी पाटीसमोर गोंधळलेले असताना तुम्ही "झोलुङ्गे पुल" सरळ वाचता. झुलता पूल. उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार. "पुढे सपाट आहे" असं गाईड म्हणाला तर त्याचा अर्थ थोडा उकालो, थोडा ओरालो, दिवसभर. तारखा मात्र विक्रम संवतात लिहितात, अंक ओळखीचे असून साल सत्तावन्न वर्षांनी पुढचं दिसतं, तिकीट घेताना दचकू नका. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं.

वाटेतल्या मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि चोर्तेन (छोटे स्तूप) उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. याक किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या नाही.

१७. आमच्यातला एक आजारी पडला तर बाकीच्यांनी पुढे जायचं का?

हे काठमांडूत, सगळ्यांची डोकी ठिकाणावर असताना ठरवा. वर गेल्यावर आजारी माणूस म्हणतो, "माझ्यासाठी थांबू नका", बाकीच्यांना ते ऐकायचंच असतं आणि गाईड संकोचतो. आमचा ठराव असा: आजारी माणूस कधीही एकटा उतरणार नाही आणि पोर्टरच्या एकट्याच्या भरवशावरही नाही, एक साथीदार सोबत. सहा जणांच्या वर गट असेल तर गाईडबरोबर एक साहाय्यक घ्यायचा, म्हणजे गट दोन भागांत विभागता येतो. साहाय्यक नसेल तर सगळे खाली. खर्चाची वाटणीही आधीच ठरवायची, रिकाम्या गेलेल्या मुक्कामांसकट.

दिंगबोचेहून उतरवलेला आमचा गडी दुसऱ्या दिवशी सकाळी पांगबोचेला उन्हात बसून तीन बटाटे सोलून खात होता. तोल परत आला होता. उरलेले चौघे साहाय्यकाबरोबर बेस कॅम्पला गेले, मी त्याच्यासोबत खाली आलो. नामचेला पोचेपर्यंत त्याने मला अकरा वेळा ऐकवलं की फळी वाकडी होती.